मदत हवी आहे : फ्रान्सच्या लीजनमधल्या भावाचं नागरिकत्व अडकलंय

खटावची_पोर :
धाकटा भाऊ फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या सैन्यातल्या परदेशी लोकांच्या दलात आहे. पाच वर्षांचा करार मार्चमध्ये संपतोय. नागरिकत्वाचा अर्ज करायचाय, तर म्हणे कागद जुळत नाहीत. रविवारी दहा मिनिटं बोलतो, त्यात निम्मा वेळ आई रडते. ग्रामपंचायतीत तीन खेपा झाल्या. नक्की काय कागद लागतात ते कुणीतरी सांगा. लवकर.

सर्जेराव७१ :
आपली फौज काय वाईट होती?

टाकळीकर :
ताई, कुठल्या नावाने भरती झालाय? आणि कुठला कागद कशाशी जुळत नाही?

खटावची_पोर :
स्वतःच्याच नावाने. कॉर्सिका बेटावर काल्वीला असतो, पॅराशूटवाल्यांत.

जुना_प्रवासी :
पुतण्याला सुट्टीत न्यू जर्सीला बोलावलं होतं, तेव्हाच सांगितलं होतं, अमेरिकेची आर्मी बघ. भावाला तिकडे पाठवा. नागरिकत्व पटकन होतं.

टाकळीकर :
काका, त्याला आधी ग्रीनकार्ड लागतं. व्हिसावाल्यांना घेणारी योजना २०१६ पासून बंद आहे. विषय फ्रान्सचा चाललाय.

मामेभाऊ_लीजनेर :
माझा मामेभाऊ आठ वर्षं होता तिथे. भरतीच्या वेळी बऱ्याच जणांना दुसरं नाव देतात, जन्मतारीखही बदलतात. तीन वर्षं नोकरी झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, पण आधी खऱ्या नावावर परत यावं लागतं. त्यासाठी इथला जन्मदाखला हवा.

खटावची_पोर :
हो, तिथे त्याचं नाव वेगळंच आहे. ते सगळ्यांचंच असतं म्हणून लिहिलं नाही. जन्मदाखल्यात नावाच्या रकान्यात नुसती रेघ आहे, तारीख १९ नोव्हेंबर. पासपोर्टवर १ जून.

टाकळीकर :
घ्या! मास्तरांची १ जून. हे पहिल्यांदाच सांगायचं ना ताई.

खटावची_पोर :
आमच्या वर्गात अकरा जण १ जूनचे होते. मला काय माहीत फ्रान्सला चालत नाही!

मामेभाऊ_लीजनेर :
आधी ग्रामसेवकाकडून दाखल्यात नाव घालून घ्या. मग मंत्रालयात साक्षांकन, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून शिक्का), मग फ्रान्समधल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडून भाषांतर. पासपोर्टवरची तारीख त्यानेच तिथून दुरुस्त करायची. पॅरिसला आपली वकिलात आहेच, २०२५ पासून मार्सेयलाही कार्यालय झालंय. कारवाईत जखमी झाला असेल तर १९९९ च्या कायद्याने वेगळी वाट आहे, 'सांडलेल्या रक्ताने फ्रेंच' म्हणतात तिला.

खटावची_पोर :
शुभ बोला हो. धडधाकट आहे तो.

सर्जेराव७१ :
नेपाळच्या गुरखा सैनिकांचं बघा. ब्रिटनसाठी लढले आणि तिथे राहायच्या हक्कासाठी २००९ पर्यंत भांडावं लागलं. परक्याची चाकरी ती परक्याचीच.

जुना_प्रवासी :
गुरखे सरकारांमधल्या करारावर जातात. त्यांचा इथे काय संबंध?

सर्जेराव७१ :
आणि न्यू जर्सीचा काय संबंध?

वकीलीणबाई :
भांडण नंतर करा. ताई, फ्रेंच झाला की भारताचं नागरिकत्व आपोआप जातं, पासपोर्ट परत करावा लागतो. लोक म्हणतात ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढू. पण परदेशी सैन्यात असलेल्यांना किंवा तिथून निवृत्त झालेल्यांना ओसीआय देत नाहीत. गावी यायचं तर दर वेळी व्हिसा.

खटावची_पोर :
म्हणजे आईला भेटायला व्हिसा?

वकीलीणबाई :
हो. शेतजमीन वारसाने मिळेल, नवी विकत घेता येणार नाही.

मामेभाऊ_लीजनेर :
म्हणूनच आमच्याने नागरिकत्व घेतलं नाही. किमान तीन वर्षं नोकरी आणि चांगल्या वर्तणुकीचा दाखला असला की दहा वर्षांचं राहण्याचं कार्ड मिळतं. पासपोर्ट भारताचाच राहतो. पण त्यालाही कागद सरळ लागणारच.

खटावची_पोर :
हे त्याला कुणी सांगितलंय का तेच माहीत नाही. रविवारी आईला फोन देण्याआधी मीच बोलते. ग्रामसेवक सोमवारी असतात.

रांगडा_गडी२४ :
ताई, दादाला विचारा ना, भरतीला किती पुलअप्स मारायला लावतात?