अडीच महिन्यांच्या माऊची भूक भागतच नाही : किती आणि काय द्यावे?

ओसरी :
पंधरा दिवसांपूर्वी पार्किंगमध्ये सापडलेले मांजरीचे पिल्लू आम्ही घरी आणले आहे. ते साधारण अडीच महिन्यांचे असावे आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन ७०० ग्रॅम भरते. त्याला सकाळ-संध्याकाळ दूधपोळी आणि दुपारी आमच्या कालवणातला माशाचा तुकडा मिळतो. वाटी चाटूनपुसून लख्ख करते, तरी फ्रीजचे दार वाजले की ओरडत पायांत घोटाळते. पोट मात्र तट्ट फुगलेले असते आणि शी पातळ होते. सासूबाईंच्या मते ते हावरट आहे आणि जास्त दिल्यास आणखी बाधेल. कृपया मार्गदर्शन करावे.

चुलीपाशी :
हा हावरटपणा नव्हे. वाढत्या पिल्लाला वजनाच्या प्रमाणात मोठ्या मांजराच्या दुप्पट-तिप्पट ऊर्जा लागते, पण त्याचे पोट मात्र इवलेसे असते. म्हणून सहा महिन्यांचे होईपर्यंत दिवसाचे खाणे तीन-चार वेळांत विभागून द्यावे. तुमची खरी अडचण दूधपोळी ही आहे. दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही, त्यामुळे शी पातळ होते. आणि पोळीने पोट भरले तरी मांसातून मिळणारे टॉरिन हे मांजरांना अत्यावश्यक पोषकद्रव्य त्यात नसते, ज्याच्या दीर्घ कमतरतेने डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. पिल्लांसाठी असलेले तयार खाणे पाकिटावरील वजनाच्या तक्त्याप्रमाणे मोजून द्या आणि जुन्या खाण्यावरून त्यावर आठवडाभरात हळूहळू आणा. दूध मात्र आजच बंद करा, पाणी सतत भरलेले ठेवा. कालवणातला तुकडा अजिबात नको, कारण कांदा-लसूण मांजरांना विषारी असतात.

गच्चीवरचा बोका :
वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण मला त्या फुगलेल्या पोटाची जास्त काळजी वाटते. पाठीवरून हलके बोट फिरवून पाहा. पोट टमटमीत आणि मणके मात्र बोटाला टोचत असतील, तर जंतांची शंका घ्यावी. आमच्या भाटीचे नेमके असेच झाले होते आणि आम्ही महिनाभर ‘किती छान खाते’ म्हणून कौतुक करत बसलो होतो! डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे जंतांचे औषध घ्या. माणसांची गोळी अर्धी करून देऊ नका. या वयात आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वजन वाढावे, त्या हिशेबाने तुमचे पिल्लू किलोच्या आसपास हवे होते. दर रविवारी त्याच वेळी वजन करून कॅलेंडरवर लिहा. वाटी किती रिकामी झाली, यापेक्षा तो आकडा जास्त खरे सांगतो.

ओसरी :
दोघांचेही आभार. मणके खरोखरच लागतात, उद्या सकाळीच डॉक्टरांकडे नेते. तयार खाण्याऐवजी रोज नुसते उकडलेले चिकन दिले तर चालेल का?

चुलीपाशी :
वरखाऊ म्हणून थोडे, बिनमिठाचे आणि हाडे काढून चालेल. पण फक्त मांसावर वाढवलेल्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडते आणि हाडे ठिसूळ होतात. आणखी एक, एवढ्या लहान पिल्लाने दिवसभर तोंडाला काही लावले नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. त्याच्या अंगात साठा फार थोडा असतो.