अनुभव धागा: ध्यानीमनी नसताना सगळं बदललं, तेव्हा देवावर कसं सोपवलंत?

गेले चार महिने रात्री तीनला जाग येते. ह्यांची बदली अचानक नागपूरला झाली, मुलीची दहावी, सासूबाईंचं डायलिसिस पुण्यात. सगळे म्हणतात, "देवावर सोड." माझी श्रद्धा आहे, पण सोडायचं म्हणजे नेमकं करायचं काय? ज्यांनी हे केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. लहानमोठं, जमेल तसं लिहा.

सातारा जिल्ह्यातून

ताई, माझे बाबा माळकरी. 1987 पासून एकही आषाढी चुकवली नव्हती, आईचं ऑपरेशन झालं त्या वर्षीसुद्धा. 2020 साली पायी वारी झाली नाही, माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. वारी होणार नाही हे कळल्यावर बाबा दोन दिवस धड जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पहाटे टाळ ऐकू आले म्हणून मी बाहेर आले, तर बाबा अंगणात तुळशीभोवती चालत होते. मग रोज तेच. "आज सासवड मुक्काम." "आज वाल्हे." नीरा स्नानाच्या दिवशी आईकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि तुळशीला घातलं. वाखरी येईपर्यंत पायांना फोड आले, आमच्या त्या चौदा पावलांच्या अंगणात! मी विचारलं, "विठ्ठलाचा राग नाही आला?" म्हणाले, "बोलवायचं की थांबवायचं, ते त्याच्याकडं. चालणं माझ्याकडं आहे, ते मी कशाला सोडू?"

तुमच्या प्रश्नाला माझ्यापाशी एवढंच उत्तर आहे.

वसईहून

मी कुवेतला नर्स होते. 2 ऑगस्ट 1990 ला इराकचं सैन्य शिरलं आणि साठवलेलं सगळं गेलं. बसने बगदाद, तिथून जॉर्डनमधलं अम्मान. एअर इंडियाने तिथून लाखाहून जास्त भारतीयांना मुंबईला आणलं, त्यातली मी एक. छावणीत पाण्याच्या रांगेत रोझरी म्हणायचे. खरं सांगते, ओठांवर प्रार्थना आणि डोक्यात हिशेब: भावाच्या लग्नाचे पैसे, घराची कौलं.

घरी पोचल्यावर आईच्या गळ्यात पडले, "सगळं गेलं गं!" आई म्हणाली, "मी मरियामातेकडे तुला मागितलं होतं. पैसे नव्हते मागितले."

पुढची दोन वर्षं नोकरी नव्हती. लग्न कर्ज काढूनच झालं. पण त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली.

पुण्याहून

माझं अजून काही सुटलेलं नाही, तरी लिहितो. नोकरी जाऊन तीन आठवडे झाले. घरी सांगायचा धीर नव्हता. रोज डबा घेऊन निघायचो आणि सारसबागेतल्या गणपतीपाशी बसून राहायचो. परवा डबा भरता भरता बायको म्हणाली, "उद्यापासून घरीच जेवत जा." तिला सगळं ठाऊक होतं. काल संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून आरती केली, बऱ्याच वर्षांनी.

लातूर जिल्ह्यातून

आमचं गाव किल्लारीजवळचं. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे 3 वाजून 56 मिनिटं, भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून माणसं दमून निजली होती. मी नऊ वर्षांची. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद, सगळं अंगावर आलं. मला काढलं. धाकट्या भावापर्यंत पोचायला उशीर झाला.

भेटायला येणारे म्हणायचे, "देवाची मर्जी." हात जोडून सांगते, दुःखातल्या माणसाला हे म्हणू नका. ज्याचं त्यानं स्वतःशी म्हणावं. मी आजीला विचारायचे, "मला देवानं वाचवलं, मग त्याला का नाही?" आजीनं खोटं उत्तर कधी दिलं नाही. ढिगाऱ्यात सापडलेला खंडोबाचा टाक, म्हणजे देवाची धातूची छोटी प्रतिमा, तिनं पत्र्याच्या शेडमध्ये विटेवर मांडला होता. तिन्हीसांजेला वात लावून दोन नावं घ्यायची, आधी भावाचं, मग माझं. कधी मोठ्यानं भांडायची, "सांगशील तवा सांग, म्या हितंच बसणार हाय!" आणि बसायची, वात विझेपर्यंत.

आजी गेल्यावर तो टाक माझ्या देव्हाऱ्यात आला. भिंतीखाली पडला होता तेव्हाचा पोचा आहे त्याला. सोनार म्हणाला, नीट करून देतो. मी दिला नाही.