मेलेला देवमासा तळाशी गेल्यावर त्याचं काय होतं?

खारावारा: एवढं मोठं धूड खाली जातं, तिथे उजेड नाही, पाणी गारठलेलं, मग ते कुजतं का तसंच पडून राहतं? कुणाला नीट माहीत असेल तर सांगा ना.

तळशोधक: पडून कसलं राहतंय, अख्खी वस्ती होते तिथे! आधी हॅगफिश (सापासारखे लांबट मासे) नि शार्क मांस फस्त करतात, मग आजूबाजूच्या गाळात किडे, शिंपले येतात आणि शेवटी हाडांतली चरबी बॅक्टेरिया कुजवतात त्यातून हायड्रोजन सल्फाईड वायू निघतो, त्याच्या जोरावर बाकीचे जीव कित्येक वर्षं जगतात. १९८७ साली कॅलिफोर्नियाजवळ आल्विन पाणबुडीतल्या शास्त्रज्ञांना असा सांगाडा दिसला, साधारण १२४० मीटर खोल.

मीरा_के: ऑसेडॅक्स किडा विसरू नका, माझा सगळ्यात लाडका! २००२ मध्ये माँटेरे खाडीत सापडला, ना तोंड ना आतडं, मुळांसारखे धागे हाडात घुसवतो, ॲसिड सोडून हाड विरघळवतो. लाल पिसारा दिसतो ती मादी, नर एवढुसे, तिच्या अंगाभोवतीच्या नळीतच राहतात.

खारावारा: बापरे! पण मग पुढच्या सांगाड्यापर्यंत पिल्लं पोचतात कशी?

मीरा_के: अळ्या प्रवाहाबरोबर वाहत जातात, बहुतेक वाटेतच मरत असणार, म्हणून तर अंडी ढिगाने घालतात.