'टर्न इट ऑफ', पण 'लुक ॲट इट' : सर्वनामाच्या जागेविषयीचे अनुभव

इंग्रजी क्रियापदाला 'अप', 'ऑफ', 'आफ्टर', 'थ्रू' असा एखादा छोटा शब्द लागला की अर्थ पालटतो, हे आपण शाळेपासून पाठ करत आलो आहोत. त्या अर्थांच्या याद्या येथे नकोत. त्या कोणत्याही शब्दकोशात सापडतात. 'इट', 'हिम', 'देम' ही सर्वनामे मात्र कधी क्रियापद आणि त्या छोट्या शब्दाच्या मध्ये शिरतात, तर कधी मुकाट्याने शेवटी जातात. शिकताना, शिकवताना किंवा रोजच्या कामात ही जागा आपण कशी ओळखता, हे सवडीने लिहावे.

प्रौढांना इंग्रजी शिकवणारी शिक्षिका

'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' ही दोन्ही वाक्ये बरोबर असतात. परंतु 'लाइट'च्या जागी 'इट' आले की केवळ 'टर्न इट ऑफ' एवढेच चालते. पाठ्यपुस्तके बहुधा हा नियम चौकटीत छापून पुढे सरकतात आणि वर्गात हमखास येणारा 'असे का?' हा प्रश्न शिक्षकावर सोडून देतात. इंग्रजी वाक्यात नवी माहिती सहसा शेवटाकडे जाते, आणि सर्वनाम तर आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीचाच उल्लेख करते; त्यावर आघात नसतो, म्हणून शेवटची भारदस्त जागा त्याला मिळत नाही. याच कारणाने, कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी ठेवणे सोयीचे होते, कारण तसे केले नाही तर ऐकणाऱ्याला 'ऑफ'साठी फार वेळ तिष्ठत राहावे लागते. 'समथिंग' हेही सर्वनामच आहे, तरी 'पिक अप समथिंग' खटकत नाही, कारण ते ठाऊक असलेल्या वस्तूकडे बोट दाखवत नाही. हे कारण एकदा उमगले की चौकटीतल्या नियमाची फारशी गरज उरत नाही, असे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

'लुक ॲट इट'चा प्रकार निराळा आहे. तेथे 'ॲट' क्रियापदाचा जोडीदार नसून पुढच्या सर्वनामाचा आहे. पारख करायची असेल तर मध्ये एखादे क्रियाविशेषण घालून पाहावे : 'लुक केअरफुली ॲट इट' हे सहज बोलता येते, 'टर्न क्विकली ऑफ द लाइट' हे कोणी बोलत नाही. मराठी विद्यार्थ्यांना मी 'त्याच्याकडे' हा शब्द फळ्यावर लिहून दाखवते. त्यातले 'कडे' हे शब्दयोगी अव्यय उचलून सर्वनामाच्या आधी ठेवले की 'ॲट हिम' तयार होते. 'त्याच्या' आणि 'कडे' यांच्यामध्ये आपण काही घुसवत नाही, तसेच 'ॲट' आणि 'हिम' यांना तोडायचे नाही, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

ध्वनिमुद्रणे ऐकून मजकूर टंकणारा

बाईंनी आघाताचा उल्लेख केला, म्हणून माझ्या कामातले लिहितो. वेगाने बोलणाऱ्यांच्या तोंडी 'पिक इट अप' हे 'पिकिटप' होते आणि 'पिक हिम अप'मधला 'ह' गळून 'पिकिमप' एवढेच कानावर पडते. जोर शेवटच्या 'अप'वर असतो आणि सर्वनाम मध्ये पार दबून जाते. 'लुक ॲट इट'मध्ये जोर 'लुक'वर असतो आणि 'ॲट'मधला स्वर जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे पूर्वी कधीही न ऐकलेली जोडी आली तरी जोर कोठे पडला हे ऐकून ती कोणत्या प्रकारची असावी, याचा अंदाज बांधता येतो. लिखित पानावर ही सोय नाही.

भाषांतरकार

सर्वनामाची जागा हलल्याबरोबर अर्थच बदलतो अशा जोड्यांची मी वहीत नोंद ठेवते. 'शी सॉ थ्रू हिम' म्हणजे तिने त्याचे ढोंग ओळखले. 'शी सॉ हिम थ्रू' म्हणजे अडचणीच्या काळात ती शेवटपर्यंत त्याच्या पाठीशी उभी राहिली. शब्द तेच आणि तितकेच, पण एका वाक्यात तो लबाड ठरतो आणि दुसऱ्यात तिचा जिवलग. 'गेट ओव्हर इट' म्हणजे त्यातून सावरणे, तर 'गेट इट ओव्हर विथ' म्हणजे ते एकदाचे उरकून टाकणे. 'द डॉग टर्न्ड ऑन हिम' असे असेल तर कुत्रा त्याच्यावर उलटला; यंत्र सुरू करायचे असेल तर 'टर्न इट ऑन' म्हणावे लागते. भाषांतराचा मसुदा तपासताना मी आधी सर्वनाम कोठे आहे ते पाहते, कारण शब्दकोश उघडण्यापूर्वीच निम्मा उलगडा तेथे होतो. अर्थात पूर्ण भरवसा ठेवता येत नाही : वाहनाखाली कोणी सापडले तर 'रॅन हिम ओव्हर' आणि 'रॅन ओव्हर हिम' अशी दोन्ही रूपे प्रचारात आहेत.

मुलांचा अभ्यास घेणारे एक पालक

आमच्याकडे उलट अडचण आहे. 'मला सांग' आणि 'मला समजावून सांग' यांत मराठीत 'मला' तेच राहते, म्हणून 'टेल मी'च्या चालीवर मुले 'एक्स्प्लेन मी' म्हणतात आणि तेथला 'टू' गायब होतो. याउलट 'त्याबद्दल चर्चा करू' हे मनात असल्यामुळे 'डिस्कस'ला नको असलेला 'अबाउट' चिकटतो.

संस्कृत आणि जर्मन शिकलेला वाचक

ही अडचण केवळ आपली आहे असे समजू नये. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदाला मागून अव्यय जोडण्याची ही रीत परकीयांना सर्वाधिक जड जाते, असे नोंदवले आहे. आपल्याला आहार, विहार, प्रहार, संहार ही मालिका ठाऊक असते. एकाच धातूला उपसर्ग कोठल्या कोठे नेतात. अभिजात संस्कृतात उपसर्ग धातूला घट्ट चिकटलेला असतो, पण वैदिक भाषेत तो क्रियापदापासून दूरही उभा राहू शकत असे. जर्मनमध्ये 'मी तुला फोन करतो' यासाठी 'इश रुफे दिश आन' म्हणतात. 'दिश' म्हणजे 'तुला' मध्ये आणि 'आन' शेवटी. ते आधी शिकल्यामुळे 'कॉल यू अप' मला कधीच विचित्र वाटले नाही.

कार्यालयीन पत्रे तपासणारी

'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' की 'टू मीटिंग यू', हा वाद माझ्या टेबलापाशी नेहमी येतो, आणि तो सर्वनामानेच मिटतो. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' असे म्हणता येते, म्हणजे तेथला 'टू' नामाची किंवा सर्वनामाची अपेक्षा करतो. म्हणून 'मीटिंग' बरोबर. 'आय वॉन्ट टू इट' म्हणता येत नाही, म्हणून 'वॉन्ट टू मीट'. तीन शब्दांच्या क्रियापदांत सर्वनाम बहुतेक वेळा शेवटीच राहते, जसे 'पुट अप विथ इट'. मात्र 'डोन्ट टेक इट आउट ऑन मी' म्हणजे 'त्याचा राग माझ्यावर काढू नकोस' या वाक्यात दोन्ही जागा भरलेल्या आहेत : 'इट' हे 'टेक' आणि 'आउट' यांच्या मध्ये, तर 'मी' हे 'ऑन'च्या मागोमाग. बाईंनी सांगितलेले दोन्ही प्रकार त्यात एकत्र आले आहेत, त्यामुळे नव्या सहकाऱ्यांना मी हेच वाक्य उदाहरण म्हणून देते.