पहिल्या वर्षाला 'सी' कशाला?

सेमिकोलन
भाची यंदा इंजिनिअरिंगला गेली, सिव्हिल. बारावीपर्यंत प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही, आणि पहिल्याच सेमिस्टरला 'सी' ही प्रोग्रॅमिंगची भाषा. परवा सुट्टीला आली तेव्हा एका प्रोग्रॅमवर आम्ही दोघं दोन तास डोकं आपटत होतो. कंपाइल होतो, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरतो, पण आकडा दिला की मरतो. शेवटी सापडलं: स्कॅनएफमध्ये (कीबोर्डवरून आकडा घेणारं फंक्शन) व्हेरिएबलच्या आधी & राहिला होता. "मामा, आकडा छापणाऱ्या प्रिंटएफला लागत नाही, मग याला का?" खरं उत्तर द्यायचं तर मेमरीतला पत्ता आला, तो पत्ता ठेवणारा पॉइंटर आला, आणि पॉइंटर शेवटच्या युनिटमध्ये. तोवर 'असंच असतं, लिही'. पायथन या दुसऱ्या भाषेत ही भानगडच नाही. १९७२ च्या सुमारास डेनिस रिचींनी बेल लॅब्जमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्यांसाठी घडवलेली भाषा सिव्हिलच्या पोरांच्या गळ्यात पहिल्याच सेमिस्टरला कशाला?

सर्किटवाली
साफ असहमत. जीसीसीला, म्हणजे सीच्या कंपायलरला, सगळ्या वॉर्निंग चालू करून दिल्या असत्या तर & चा विसर त्याने ओळ नंबरासकट सांगितला असता. तो दोष हत्याराचा नाही, वापरणाऱ्याचा.
मी फर्मवेअर लिहिते, म्हणजे यंत्रांच्या चिपमध्ये बसणारे प्रोग्रॅम. कॉलेजात पोरं ज्या जुन्या आर्डुइनो उनोवर (आर३, छोटा सर्किट बोर्ड) खेळतात त्याची रॅम २ केबी. तिथे पायथन मावतच नाही. आणि तुमच्या लाडक्या पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर, म्हणजे पायथन चालवणारा प्रोग्रॅम, कशात लिहिलाय? सीमध्येच.

सेमिकोलन
ताई, नळाला पाणी धरणातून येतं म्हणून तहानलेल्या पोराला आधी धरणावर नेता का?

सर्किटवाली
नाही नेत. पण टाकी रिकामी होते एवढं तरी कळू दे त्याला.

बॅकलॉग_सम्राट
टाकीवरून आठवलं. आमच्या डिप्लोमाला टर्बो सी, सीचा जुना कंपायलर, ती निळी स्क्रीन. फॅक्टोरियलचा (१ पासून त्या आकड्यापर्यंत सगळ्यांचा गुणाकार) प्रोग्रॅम केला. ७ चा ५०४० आला, ८ चा आला -२५२१६. मी दोन्ही जर्नलात सुवाच्य अक्षरात उतरवले, खाली लाल रेघ. तोंडी परीक्षेला एक्स्टर्नलने पान माझ्याकडे फिरवलं. "फॅक्टोरियल मायनस येतो का रे?"
"सर, कॉम्प्युटरने दिलाय."
बाजूचे हसले. सरांनी नाही. त्यांनी माझ्याच पानावर ३२७६७ लिहून गोल केला आणि म्हणाले, "दोन बाइटचं घर. याच्या पुढे भिंत." टर्बो सीत 'इंट'ला, म्हणजे पूर्णांकाला, जागाच दोन बाइट; आकडा त्यात मावला नाही की भलताच येतो.
विषय राहिला तो राहिलाच, पण ते घर अजून लक्षात आहे. पायथनने मला गुपचूप ४०३२० दिले असते आणि मी शहाणा समजून घरी गेलो असतो.

मास्तरीणबाई
मी हा विषय शिकवते, म्हणून राहवलं नाही. भांडण सी की पायथन हे नाहीच. आमच्याकडे कित्येक ठिकाणी अजून डॉसबॉक्स (जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकून त्यात टर्बो सी चालवतात. मुलं 'व्हॉइड मेन' लिहितात, म्हणजे मेन हे मुख्य फंक्शन काहीच परत देत नाही. १९८९ च्या प्रमाण सीमध्येच मेनने इंट परत द्यायचा असं ठरलंय. ओळ वाचणारं 'गेट्स' फंक्शन २०११ मध्ये मानकातूनच काढून टाकलं, कारण बफर (वाचलेलं ठेवायची जागा) किती मोठा आहे हे ते बघतच नाही. आमच्या जर्नलात ते सुखाने नांदतंय. आठवड्याला दोन तासांचं प्रॅक्टिकल, त्यातला निम्मा वेळ लिखाणात.
पायथन आणलं तरी आम्ही तेही वहीतच उतरवून घेऊ. वर इंडेंटेशन (ओळीआधीची मोकळी जागा) पट्टीने मोजून मार्क कापू, ते वेगळंच.
(पण खरं विचाराल तर पहिली भाषा म्हणून मलाही सी नको. आधी लूप आणि अट कळू दे, मग मेमरी.)

सर्किटवाली
मॅडम, हार्वर्डच्या सीएस५० या ओळखीच्या कोर्समध्ये आधी ठोकळे जोडायची स्क्रॅच, मग थेट सी आणि नंतर पायथन. तिथले सगळे काही कॉम्प्युटरवाले नसतात.

मास्तरीणबाई
तिथे एका वर्गामागे मदतनीसांची फौज असते हो. माझ्या लॅबमध्ये मी आणि एक सहायक, त्यातही तो प्रिंटर दुरुस्त करायला गेलेला.

सेमिकोलन
सम्राटांचा किस्सा वाचून भाचीला जीसीसीवर फॅक्टोरियल करायला लावला. ८ चा नीट आला, कारण इथे इंट चार बाइटचा. १३ चा आला १९३२०५३५०४. मायनस नाही, एरर नाही. तिने बरोबरची खूण केली. तोच पायथनवर केला, तर ६२२७०२०८००! आता सांगा, नवख्या पोराने कुणावर विश्वास ठेवायचा? खोटं बोलणारी भाषा पहिली भाषा?

बॅकलॉग_सम्राट
मामा, पायथन बाजूला ठेवा. त्या पहिल्या आकड्याच्या शेवटी ४ आहे. १३ पर्यंत गुणताना मध्ये १० आला होता ना?

सेमिकोलन
...तिला विचारलं. खूण खोडतेय.
मत बदललेलं नाही, नोंद घ्यावी.