'पूर काय रोज येतो का?' म्हणत पहिल्या घरासाठी शामरावनगर सुचवणाऱ्यांना

वखारभागची लेक

परवा एका भावाने लिहिलं होतं, "सांगलीत पंचवीस लाखांत पहिलं घर हवं असेल तर डोळे झाकून शामरावनगर. दोन गुंठे, स्वतःचं दार, वर गच्ची. विश्रामबागेत तेवढ्या पैशात खुराडं मिळतंय. राहिला पूर, तर पूर काय रोज येतो का?" खाली कितीतरी जणांनी अंगठे दिलेत. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

नाही येत रोज. २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला. आम्ही २००४ च्या दिवाळीत शामरावनगरातच घर घेतलं, कर्ज वीस वर्षांचं. म्हणजे एका कर्जाच्या मुदतीत तीन पूर. २०१९ ला आयर्विन पुलावर कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ आहे, एवढं सांगितलं तरी इथल्या माणसाला कळेल. आमच्या घरात पाणी खिडकीच्या वर होतं आणि आठ दिवस तिथंच होतं. परत आलो तर दारं फुगून बसलेली, पहारीने उघडावी लागली. तांदळाचा डबा तरंगत जाऊन फ्रीजवर टेकला होता. मुलीची दहावीची कागदपत्रं कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती, त्यांचा लगदा झाला. सरकारचे पंधरा हजार मिळाले. आमचा खर्च झाला साडेतीन लाख, तोही सासूबाईंच्या पाटल्या मोडून. भिंती वाळून रंग देतोय तोवर २०२१ उजाडलं.

आणि पूर नसतो तेव्हा काय असतं? काळी माती. चार दिवस पाऊस लागला की रस्त्यात पाणी, चपला हातात, शाळा बुडवून पोरं घरीच. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि जोत्याला भेगा पडतात. शेवटी २०२२ ला घर विकायला काढलं. येणारा प्रत्येक माणूस भाव विचारायच्या आधी भिंतीवरचा डाग बघायचा. आज आम्ही धामणी रोडला भाड्याने राहतो, वयाच्या पन्नाशीत.

श्रीमंताचं दुसरं-तिसरं घर बुडालं तर तो विम्याचा कागद शोधतो. पहिलं घर घेणाऱ्याची सगळी शिल्लक त्या एका जोत्याखाली असते. त्याला स्वस्त जागा दाखवताना पाणी कुठवर येतं ते आधी सांगा, भाव मग सांगा.

यार्डातला दिवाणजी

ताई, पोस्ट माझी हाय. तुमचं नुकसान झालं, वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. पण मी पण तिथंच राहतो, आणि २०१९ ला शाळेच्या वर्गात नऊ दिवस सतरंजीवर काढलेत. मग मी का राहतो तिथं, ते ऐका.

हळदीच्या पेढीवर कामाला आहे. २०१३ पर्यंत भाड्याच्या खोलीत होतो. आजी गेली तेव्हा घरमालक म्हणाला, जिना अरुंद आहे, इथं नका आणू, दवाखान्यातनं परस्पर न्या. आजीला दारातनं नेता आलं नाही. त्याच वर्षी ठरवलं, कसंही असो, स्वतःचं दार पाहिजे. विश्रामबागेत चौकशी केली, चहा पाजून परत पाठवलं. बँकेने पगारपत्रक मागितलं, आमच्यात ते नसतंय. पतसंस्थेने कर्ज दिलं आणि शामरावनगरात दीड गुंठा मिळाला. वडील गेले तेव्हा स्वतःच्या अंगणातनं गेले.

तुम्ही म्हणता तिथं घेऊ नका. मग कुठं घ्यायचं ते पण सांगा. अठरा हजार पगाराच्या माणसानं पूररेषेच्या वर राहायचं म्हणजे भाड्यानंच राहायचं, असंच ना?

कुपवाडचा फिटर

दिवाणजी, उत्तर आहे. कुपवाड. माळाची जागा, खाली मुरूम, पाया पक्का बसतो. तिन्ही पुरांत आमच्याकडे पाणी आलं नाही, माणसं आली. २०१९ ला आमच्या दोन खोल्यांत चौदा जण होतो, सांगलीच्या गावभागातले पाहुणे.

पण कुपवाडचं कौतुक ऐकून कोणी उड्या मारू नका. १९९८ ला सांगली-मिरज-कुपवाड महापालिका झाली, नावात आम्ही शेवटी आणि कामात पण शेवटी. माझ्या गल्लीत अजून सेप्टिक टाकी आहे, वर्षातून दोनदा उपसावी लागते. घरपट्टी मात्र महापालिकेची. उन्हाळ्यात पाणी पहाटे साडेचारला येतं आणि पहिल्या पाळीला जाणारा माणूस मोटार लावून उभा. एमआयडीसीतल्या फौंड्रीचा धूर वारा फिरला की वाळत घातलेल्या कपड्यांवर. एवढं सगळं सोसून पण झोपताना नदीची पातळी बघावी लागत नाही. बास.

कृष्णाकाठ

सगळे जण शामरावनगर की कुपवाड यावर भांडताय, मूळ रोगावर कोण बोलणार? पाणी सांगलीत तुंबतं कारण पुढं कर्नाटकातलं अलमट्टी धरण भरून ठेवलेलं असतं. त्याची उंची समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर आहे, कर्नाटकाला ५२४.२५६ करायची आहे. तेवढं झालं की विश्रामबागही जाईल. तेव्हा कुठं घर घ्यायचं हा प्रश्नच उरणार नाही.

पाटबंधारे निवृत्त

अहो, मी या खात्यात ३१ वर्षं काढली, म्हणून बोलतो. २०१९ च्या पुरानंतर वडनेरे समिती नेमली, तिचा अहवाल २०२० ला आला. पुराला अलमट्टी कारणीभूत नाही असंच त्यात आहे. कोयनेतून लाखाच्या वर क्युसेक सोडलेलं, धरणाच्या खालच्या भागातला पाऊस वेगळा, हरिपूरला वारणा येऊन मिळते, खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. पंचगंगा फुगली की कृष्णेचं पाणी पुढं सरकत नाही, मागं फुगवटा येतो. त्यात आपण शहरातले नाले बुजवून प्लॉट पाडले. शामरावनगर ही पाण्याची बसायची जागा होती, तिथं माणसं बसवली.

कृष्णाकाठ

समितीचा अहवाल आम्हाला मान्य नाही आणि नदीकाठच्या एकाही गावाला मान्य नाही. आमच्या पाहण्यात १९९० पर्यंत पूर चढायचा तसा दोन दिवसांत उतरायचा. आता आठ-आठ दिवस उतरत नाही. हे कागदावर नाही, आमच्या उसावर दिसतं. चार एकर ऊस कुजला माझा. ३१ वर्षं खुर्चीत बसून पगार घेतला त्यांना फुगवटा नकाशात दिसतो.

पाटबंधारे निवृत्त

वयाचा नाही तर कामाचा तरी मान ठेवा. २००५ ला मी तीन रात्री पुलावर फूटपट्टी वाचत उभा होतो, घरी बायको तापाने फणफणलेली. खुर्चीत नव्हतो. पाणी उतरायला वेळ लागतो हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, ते मी नाकारत नाही. नदीपात्रातली गाळ-वाळू, पुलांचे भराव, बंधारे, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. धरणातलं पाणी ऑगस्टच्या आधी किती ठेवायचं यावर दोन्ही राज्यांचं बोलणं व्हायलाच हवं. एवढं मान्य. पण सगळं पाप कर्नाटकावर ढकललं की आपले नाले बुजवणारे सुटतात. मला राग त्याचा आहे.

कृष्णाकाठ

नाल्यांचं खरं आहे. आमच्या गावचा ओढाही एकाने बांध घालून वळवलाय. पण अलमट्टीची उंची वाढू देणार नाही म्हणजे नाही.

मिरज जंक्शन

दोघांनी धरण आता खाली ठेवा. धागा पहिल्या घराचा आहे, आणि इतक्या उत्तरांत एकालाही मिरज आठवली नाही. सांगलीकरांचं हे नेहमीचंच. मिरज म्हणजे दवाखाने आणि डास, एवढंच त्यांना माहीत.

मी नर्स आहे, नवरा रेल्वेत कंत्राटी. मालगाव रोडला २०१८ ला वन बीएचके घेतला, दुसरा मजला, सोळा लाख. कृष्णाघाटाची बाजू सोडली तर मिरजेत पुराची धास्ती नाही. कोल्हापूर, पुणे, सोलापूर, बेळगाव, चारी बाजूंना गाडी. रात्रपाळी संपवून चालत घरी येते. सांगलीत घर घेतलं असतं तर बस आणि रिक्षातच पगार गेला असता. घर स्वस्त की महाग हे नुसत्या खरेदीखतावर ठरत नाही, रोज कामाला जायला किती लागतं तेही त्यात धरा.

वखारभागची लेक

मिरज विसरले, चूक झाली. माझी धाकटी बहीण तिथंच असते, बोलेल मला.

नवं बिऱ्हाड

मी मुद्दाम गप्प वाचत होतो, कारण तुम्ही ज्याच्यावर भांडताय तो माणूस मीच. लग्नाला चार वर्षं, एक मुलगी, दोघांचे मिळून महिना ४२ हजार. शामरावनगरात दोन गुंठ्यांवरचं बांधीव घर २४ लाखांना सांगतात. कुपवाड रस्त्याला लक्ष्मी देवळाच्या पुढे ५४० फुटांचा फ्लॅट २७ ला. बायकोला अंगण हवं आहे, मला झोप. हातात साडेचार लाख आहेत. काय करू?

कुपवाडचा फिटर

आधी पैशाचं बघ. तीस लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण मुद्रांक आणि नोंदणी त्यात धरत नाहीत, ते खिशातनं. महापालिका हद्दीत मुद्रांक ६ टक्के, घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलंस तर १ टक्का सवलत. नोंदणी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. २७ लाखांच्या फ्लॅटला दहा टक्क्यांचे दोन लाख सत्तर हजार, वर मुद्रांक-नोंदणीचे एक लाख साठ ते नव्वद हजार. तुझे साडेचार लाख इथंच संपले. पंखा घ्यायला पण उरत नाही. इमारत अजून बांधत असतील तर जीएसटी वेगळा, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं असेल तर नाही. आणि पक्कं घर कुणाच्याच नावावर नसेल तर पंतप्रधान आवास २.० च्या व्याज अनुदानाची बँकेत चौकशी कर. ३५ लाखांपर्यंतचं घर, २५ लाखांपर्यंतचं कर्ज, अनुदान १ लाख ८० हजारांपर्यंत, तेही पाच हप्त्यांत. त्याच्या भरवशावर सौदा करू नको, मिळालं तर मिळालं.

मिरज जंक्शन

आणि शामरावनगरचं घर गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडून विकलेल्या प्लॉटवरचं, आहे का ते विचार. असेल तर नियमितीकरणाचं प्रमाणपत्र बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नको. कायदा २००१ चा आहे, पुढे मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेतली. आमच्या वॉर्डातल्या एका मावशीनं नुसत्या नोटरीवर पैसे दिले. आता बँक दारात उभी करत नाही, विकणारा फोन उचलत नाही.

पाटबंधारे निवृत्त

महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन गट क्रमांक सांगा आणि पूररेषेचा नकाशा बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येईल एवढा पूर, तिच्या आत बांधकामाला परवानगी नसते. लाल रेषा १०० वर्षांची. दोन्हींच्या मध्ये घर असेल तर जोतं लाल पातळीच्या वर हवं. तोंडी कोणाचं ऐकू नका, माझंही नाही.

यार्डातला दिवाणजी

सगळे मिळून माझ्या गल्लीला नावं ठेवताय. तरी पोराला सांगतो, कारण कर्ज त्याला फेडायचंय. मी लिहिलं होतं 'डोळे झाकून घ्या'. ते शब्द माझे चुकले. डोळे उघडून घे. आमच्यात पण सगळं सारखं नाही, एका गल्लीत गुडघाभर तर पुढच्या गल्लीत छताला. घरमालक खोटं सांगंल, शेजारची म्हातारी खोटं सांगणार नाही, तिला विचार. भिंतीला नवीन रंग असेल तर मीटरची पेटी किती उंचावर लावलीय ते बघ, ज्यानं पूर बघितलाय तो ती खाली लावत नाही. आणि जुलैमध्ये ये, एप्रिलमध्ये सगळीच जागा चांगली दिसते.

पण कुपवाडचा फ्लॅट घेतलास तर आई-वडलांना दुसऱ्या मजल्यावर चढवशील का, तेवढं घरी विचार. हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

वखारभागची लेक

आजीचं वाचलं, दादा. त्यावर मला उत्तर देता आलं नाही. पण त्या मुलीची कागदपत्रं खालच्या कप्प्यात ठेवू नका एवढं तरी त्याला सांगा.

नवं बिऱ्हाड

दिवाणजी, रविवारी येऊ का? तुमच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे म्हणतात, ती बघायची आहे. २०१९ ची आहे की २०२१ ची?

यार्डातला दिवाणजी

ये की. बायकोला पण आण. दोन्ही आहेत. खालची एकवीसची. वरची बघायला मान वर करावी लागंल.