'सॅम्पल'ला मराठीत काय म्हणावं: नमुना, उचल की कात्रण?

जुन्या फंक आणि सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे संगीतप्रकार) रेकॉर्डांवर मराठीत एक लेख लिहितोय आणि पहिल्याच परिच्छेदात अडलोय. जुन्या रेकॉर्डमधला काही सेकंदांचा आवाज जसाच्या तसा घेऊन नव्या गाण्यात बसवला की त्याला 'सॅम्पल' म्हणतात. पण मराठीत हा शब्द आधीच तीन घरी नांदतोय. लॅबवाला रक्ताचं सॅम्पल नेतो, दुकानदार कापडाचं सॅम्पल दाखवतो आणि पुण्यात मिसळीबरोबर वाटीभर झणझणीत सॅम्पल येतं.

कोशात बघावं तर 'नमुना'. मला तो पटत नाही. पोत्यातले मूठभर तांदूळ हा नमुना, कारण मुठीवरून पोतं कसं असेल ते कळतं. गाण्यातल्या सॅम्पलवरून मूळ गाण्याचा काहीच अंदाज येत नाही.

एकच उदाहरण घेतो. १९६९ साली 'द विन्स्टन्स' या बँडची 'कलर हिम फादर' ही रेकॉर्ड आली. तिच्या मागच्या बाजूला 'आमेन, ब्रदर' नावाची वाद्यरचना होती. मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि ग्रेगरी कोलमन एकटाच ड्रम वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद, चार मात्रांची चार आवर्तनं. पहिली दोन सरळ जातात. तिसऱ्यात एक ठोका किंचित उशिरा पडतो. चौथ्यात तर पहिली मात्रा, म्हणजे आपल्या भाषेत सम, तो रिकामीच सोडतो आणि झांज अपेक्षेच्या आधी येते. कानाला ठेच लागते आणि त्या ठेचेसाठीच पुन्हा ऐकावंसं वाटतं.

या सहा-सात सेकंदांवर पुढे हजारो गाणी उभी राहिली. इंग्लंडमधलं १९९०च्या दशकातलं जंगल आणि ड्रम अँड बेस संगीत तर याच ठेक्याचे तुकडे करून, वेग वाढवून बांधलं गेलं. कोलमनला त्यातला एक पैसा मिळाला नाही. २००६ साली अटलांटात तो बेघर अवस्थेत गेला. बँडचे प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांच्यासाठी २०१५ साली चाहत्यांनी वर्गणी काढून सुमारे २४ हजार पौंड जमवले, पण कोलमनसाठी तोवर फार उशीर झाला होता.

म्हणून मला 'उचल' हा शब्द सुचतो. उचलणं तर त्यात आहेच, शिवाय ऊसतोड मजूर मुकादमाकडून घेतात ती उचलही आहे, म्हणजे फेडायची रक्कम. सॅम्पल घेणाऱ्याच्या डोक्यावर असं देणं राहतं, हे शब्दातच यावं असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद

'उचल'मागची भावना पोचली, पण घोटाळा होईल. 'चाल उचलली' हे आपण सर्रास म्हणतो आणि तिथे चाल नव्याने गाऊन-वाजवून घेतलेली असते. सॅम्पलमध्ये मूळ ध्वनिमुद्रणच येतं, त्या खोलीतल्या हवेसकट. कायदाही रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळे मानतो.

माझं मत 'कात्रण'. वहीत लिहून घेतला तो उतारा आणि कात्रीने कापून चिकटवलं ते कात्रण. कात्रणात मूळ कागद असतो, मूळ शाई असते. २००२ साली ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह'मध्ये 'थोडा रेशम लगता है' वापरलं, तेव्हा त्यात प्रत्यक्ष लताबाईंचा १९८१ सालचा आवाज होता. बप्पी लाहिरींना श्रेय दिल्याशिवाय विक्री करायची नाही, असं लॉस एंजेलिसच्या न्यायालयाला सांगावं लागलं.

प्रतिसाद

कात्रण कापलं की मूळ वर्तमानपत्राला भोक पडतं. इथे मूळ रेकॉर्ड शाबूत राहते. तेवढं सोडलं तर शब्द चांगला आहे.

धागाकर्ता

भोकाचा मुद्दा खरा, पण 'कात्रण' मला पटलं, कारण कापणाऱ्याचे हातही त्यात दिसतात. १९८७ साली आलेल्या एसपी-१२०० या सॅम्पल घेण्याच्या यंत्रात जेमतेम दहा सेकंदांचा आवाज मावायचा. म्हणून लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५वर फिरवून आवाज भरायचे आणि मग यंत्रात त्याची गती उतरवायचे. जागा वाचायची आणि आवाजाला एक खरखरीत पोत यायचा. कात्रणाच्या कडा दिसाव्यात, तसा.

तेव्हा लेखात वस्तूला 'कात्रण' आणि कृतीला 'उचल' लिहीन. ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्डबद्दल लिहिताना दोन्ही लागतील. फंक गायक जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधला तो ठेका १९६९च्या नोव्हेंबरमध्ये सिनसिनाटीत त्याने वाजवला. त्याची कात्रणं पब्लिक एनिमी या रॅप गटाच्या 'फाइट द पॉवर'पर्यंत पोचली, पण रचनाकार म्हणून नाव एकट्या ब्राउनचं. वादकाला वाजवण्याचे पैसे दिले की व्यवहार संपला, हा हिशेब मला कधीच मान्य झालेला नाही.

आता 'ब्रेक' उरला, म्हणजे कोलमनसारखा ड्रमवाला एकटा वाजवतो ती जागा. मराठीत ब्रेक लागला की गाडी थांबते आणि इथे तर बाकीचे थांबतात म्हणून ठेका मोकळा सुटतो. १९७३च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या एका पार्टीत डीजे कूल हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटूनपालटून लावल्या, त्या ही मोकळी जागा लांबवण्यासाठीच. तूर्त 'मोकळा ठेका' लिहिलंय. तबला किंवा ढोलकी वाजवणारं कुणी इथे असेल तर सांगा, गाणारा थांबतो आणि वाजवणारा एकटा उरतो, त्या जागेला तुम्ही आपसात काय म्हणता?